थडग्याचं वय म्हणजे चित्राचं वय नव्हे

गेल्या अंकात मी आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या थडग्याबद्दल लिहिलं होतं (आत दगडांची वाट आणि दालन, आणि त्यावर रचलेला मोठा ढिगारा, असं ते थडगं). त्यात एक वाक्य होतं, की हे थडगं साधारण इ.स.पू. 3200 च्या सुमाराचं आहे पण त्याच्या दगडांवरची चित्रं नेमकी कधी कोरली ते सांगणं अवघड आहे. या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि काही उत्तरं लांबलीत, कारण विषयच तसा आहे आणि मला मनापासून आवडतो.

प्रश्न : ताई, दगड थडग्याचा आहे, थडग्याचं वय माहीत आहे, मग चित्राचं वय वेगळं कसं असेल? हा उगाच काथ्याकूट नाही का?

नाही हो, उलट सगळी गोम इथेच आहे. जरा विचार करा, दगड खाणीतून काढला तो एक दिवस, त्यावर कोरलं तो दुसरा दिवस, तो थडग्यात उभा केला तो तिसरा, आणि नंतर शेकडो वर्षं लोक तिथे येत राहिले, मृतांच्या अस्थी ठेवत राहिले, अजून काहीबाही कोरत राहिले ते वेगळंच. यातला आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक असलेला दिवस एकच, तो म्हणजे बांधकामाचा. चित्र त्याच्या आधीचं असू शकतं, त्याच सुमाराचं असू शकतं, किंवा खूप नंतरचंही.

आधीचं कसं, ते न्यूग्रेंजमध्येच बघा. पुरातत्त्वज्ञ मायकल ओ'केली यांनी तिथे 1962 ते 1975 उत्खनन केलं. थडग्याच्या भोवती कडेने 97 मोठे दगड आहेत, त्यातल्या काहींची मागची बाजू उघडी केली तर तिथेही नक्षी निघाली. मागची बाजू म्हणजे ढिगाऱ्याकडे तोंड करून असलेली, जी थडगं पुरं झाल्यावर कोणालाच दिसणार नव्हती. वाटेच्या छतावरच्या काही दगडांच्या वरच्या अंगालाही तसंच. आता ढिगाऱ्याखाली गाडलेल्या दगडाच्या पाठीवर जाऊन कोण कोरणार? म्हणजे दगड जागेवर बसवण्याआधी ते काम झालेलं होतं, एवढं पक्कं. पण किती आधी? आदल्या आठवड्यात का दोनशे वर्षांपूर्वी? ते त्या दगडाकडे बघून कळत नाही. काही अभ्यासक म्हणतात की मुद्दामच लपवून कोरलं असेल, बघायला नाही तर नुसतं असायला, आणि मला ते पटतंही. पण दुसरी शक्यता अशी की तो दगड आधी दुसऱ्याच कुठल्यातरी बांधकामात होता आणि इथे परत वापरला. शेजारच्या नाउथच्या थडग्यात जॉर्ज ओगन यांनी 1962 पासून चाळीसहून जास्त वर्षं काम केलं, तिथे त्यांना उलटे लावलेले, नक्षी अर्धवट झाकली गेलेले असे दगड सापडले आणि त्यांचं मत झालं की हे आधीच्या एखाद्या थडग्यातून काढून आणलेले असावेत.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मात्र फ्रान्समध्ये आहे, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर गावरिनी नावाचं बेट आहे तिथलं. (थडगं बांधलं तेव्हा ते बेट नव्हतंच, समुद्राची पातळी खाली होती आणि ती एक टेकडी होती.) आतल्या वाटेचे बहुतेक दगड वक्र रेघांनी असे भरलेत की बोटांच्या ठशांची आठवण येते. पण खरी गंमत छतावर निघाली. 1984 मध्ये शार्ल-तांगी ल रू यांनी छताच्या मोठ्या दगडाची वरची बाजू उघडी केली, तर तिथे शिंगांच्या जनावराचा भाग आणि कुऱ्हाडीसारखी एक आकृती, पण अर्धवट तुटलेली! आणि तिचा दुसरा तुकडा काही किलोमीटरवर, लोकमारियाकेरच्या ताब्ल दे मार्शां नावाच्या दुसऱ्या थडग्याच्या छतात. दोन्हीकडची चित्रं शेजारी ठेवली की रेघा जुळतात. म्हणजे एकेकाळी साधारण 14 मीटर उंचीची एक कोरलेली शिळा उभी होती, ती पडली किंवा पाडली, तिचे तुकडे झाले, आणि ते वेगवेगळ्या थडग्यांचं छत म्हणून वापरले. आता सांगा, गावरिनीच्या बांधकामाची तारीख त्या जनावराच्या चित्राला लावायची का? लावली तर चुकलंच. आणि हे आपल्याला कळलं ते केवळ तुकडा जुळला म्हणून, नसता जुळला तर आपण बिनधास्त तीच तारीख लावून मोकळे झालो असतो.

आता नंतरचं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर मेसहाउ म्हणून थडगं आहे, जवळपास 5 हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या आतल्या भिंतींवर 30 च्या वर लेख कोरलेत आणि ते कोणी, तर 12 व्या शतकातल्या नॉर्स (म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या) लोकांनी, त्यांच्या रून लिपीत. सोबत एक ड्रॅगनसारखा प्राणीही काढलाय. लिपी आहे म्हणून आपल्याला काळ कळला. समजा त्यांनी अक्षरं न लिहिता नुसत्या रेघा आणि त्रिकोण काढले असते तर? त्याच भिंतींवर नवाश्मयुगातल्या, म्हणजे धातू येण्याआधीच्या काळातल्या, बारीक ओरखड्यांची नक्षीपण आहे, दोन्हींमध्ये चार हजार वर्षांचं अंतर, आणि भिंत एकच.

स्टोनहेंजचंही तसंच, ते निव्वळ थडगं नाही पण तिथे दहन केलेल्या अस्थी पुष्कळ पुरलेल्या आहेत म्हणून घेते. तिथले मोठे दगड इ.स.पू. 2500 च्या आसपास उभे केले. 1953 मध्ये रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांच्या लक्षात आलं की दगडांवर कुऱ्हाडी आणि एक खंजीर कोरलाय, 2012 च्या लेसर स्कॅननंतर कुऱ्हाडींची संख्या 115 वर गेली. पण त्या कुऱ्हाडींचा आकार कांस्ययुगातल्या ज्या प्रकाराशी जुळतो तो दगड उभे केल्यानंतर कित्येक शतकांनी आला. म्हणजे दगड जुने, चित्रं नवी.

प्रश्न : थेट चित्रावरच कार्बन डेटिंग का करत नाहीत? आजकाल तर एवढंसं सॅम्पल पुरतं म्हणे.

सॅम्पल एवढंसं पुरतं हे खरं आहे, पण ते आणायचं कुठून? कार्बन डेटिंग चालतं ते एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टीवर, म्हणजे लाकूड, हाड, बी, कोळसा. जीव मेला की त्यातला कार्बन-14 कमी व्हायला लागतो आणि 5730 वर्षांत अर्धा उरतो, त्यावरून हिशोब. दगड कधी जिवंत नव्हता. आणि कोरणं म्हणजे काय तर गारगोटीच्या टोकदार तुकड्याने ठोकून ठोकून दगडाचा भाग काढून टाकणं. रंगवताना निदान काहीतरी लावलं जातं, कोरताना नुसतं काढलं जातं. जे नाहीच त्याची तपासणी लॅब कशी करणार! मला तर हीच गोष्ट सगळ्यात हळवी वाटते, की त्या माणसाने तिथे स्वतःचं काहीच मागे ठेवलं नाही, फक्त खळगा ठेवला.

म्हणून मग आजूबाजूच्या गोष्टींची तारीख काढतात. न्यूग्रेंजमध्ये छताच्या दगडांमधल्या फटी बुजवायला भाजलेली माती आणि समुद्राकडची वाळू भरली होती, पाणी आत येऊ नये म्हणून. त्या मातीतल्या जळक्या अंशाची तारीख निघाली आणि इ.स.पू. 3200 च्या आसपासचा आकडा त्यातून आला. फार चांगलं सॅम्पल आहे ते, कारण ती माती बांधकाम चालू असतानाच भरलेली आहे, नंतर कोणी आत नेऊन ठेवलेली नाही. पण लक्षात घ्या, ती तारीख फटी बुजवल्याची आहे. चित्राची नाही.

बाकी ठिकाणी असं नशीब नसतं. कोळसा मिळतो पण तो कशाचा? तीनशे वर्षं वाढलेल्या ओक झाडाच्या गाभ्याचं लाकूड जाळलं असेल तर तारीख जाळल्याच्या दिवसाची येत नाही, गाभ्याची ती वर्तुळं तयार झाली तेव्हाची येते, म्हणजे आपण सरळ काही शतकं मागे जातो. म्हणून हल्ली हेझलनटची टरफलं, धान्याचे दाणे, बारीक डहाळ्या असलं काही मिळालं तर लोक खूश होतात, ते एकाच मोसमाचं असतं. परत कोळशाचे बारीक कण गांडुळं आणि सशांची बिळं वरून खाली नेतात.

हाडांचं वेगळं दुखणं. या थडग्यांत बऱ्याचदा मृतांचं दहन करून अस्थी ठेवायचे, आणि जळलेल्या हाडात नेहमी तपासतात ते कोलॅजन नावाचं प्रथिन उरतच नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून जळलेल्या हाडाच्या खनिज भागातून तारीख काढायची पद्धत बसली, त्यामुळे खूप फरक पडला हे मान्य, पण त्यातसुद्धा चितेच्या लाकडातला कार्बन हाडात शिरतो, म्हणजे जुन्या लाकडाची कटकट मागच्या दाराने परत आलीच. आणि अस्थी म्हणजे थडगं वापरात असल्याची खूण, ते बांधल्यानंतर पाचशे वर्षांनीही कोणाच्या तरी अस्थी आत ठेवल्या असतील.

शिवाय लॅबमधून येतो तो आकडा थेट कॅलेंडरचं वर्ष नसतो. हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं म्हणून झाडांच्या वर्तुळांवरून बनवलेल्या वक्ररेषेशी तो जुळवावा लागतो. ही रेषा काही काळांत सपाट होते. इ.स.पू. 800 ते 400 चा सपाट पट्टा तर प्रसिद्धच आहे, त्यात पडलेलं सॅम्पल कितीही चांगलं असलं तरी उत्तर येतं "या चारशे वर्षांत कधीतरी".

प्रश्न : मग रंगवलेली चित्रं असतील तर सोपं?

सोपं नाही, पण वाट तरी असते. स्पेनच्या वायव्येला आणि पोर्तुगालमध्ये काही दगडी थडग्यांच्या आत लाल-काळ्या रंगात चित्रं आहेत. काळा रंग कोळशाचा असेल तर त्याचा कण घेऊन कार्बन डेटिंग करता येतं, आणि तिथे ते केलंही गेलंय. पण लाल रंग गेरूचा, ते खनिज, त्यात कार्बन नाही. आणि काळा रंग मँगनीजचा निघाला तर तिथेही संपलं. आणि कोळसा असला तरी तारीख झाड मेल्याची, चित्र काढल्याची नाही, हा मुद्दा सुटत नाहीच.

प्रश्न : स्पेनमधल्या गुहेतल्या चित्रांचं वय 40 हजार वर्षं काढलं असं वाचलं. तीच पद्धत थडग्यांना का नाही लावत?

तुम्ही वाचलंत ते एल कास्तियोच्या गुहेबद्दल असणार, 2012 मध्ये तिथल्या एका लाल ठिपक्याचं वय किमान 40,800 वर्षं आलं. तिथे चित्राची नाही, चित्रावर साठलेल्या चुन्याच्या पापुद्र्याची तारीख काढली. चुनखडीच्या गुहेत पाणी झिरपत राहतं आणि भिंतीवर कॅल्साइटचा थर चढतो, त्या थरात थोडं युरेनियम असतं, त्याचं हळूहळू थोरियम होत जातं, त्या दोघांचं प्रमाण मोजायचं. थर चित्राच्या वर आहे म्हणजे चित्र त्याहून जुनं.

थडग्यांमध्ये एक तर असा स्वच्छ थर सहसा चढतच नाही, बरेचसे दगड चुनखडीचे नसतात आणि आत गुहेसारखी परिस्थितीही नसते. दुसरं म्हणजे थोरियम तयार व्हायला वेळ लागतो. 40 हजार वर्षांत मोजण्यासारखं साठतं, 5 हजार वर्षांत फारच थोडं, आणि थराबरोबर जरा जरी बाहेरची माती अडकली असेल तर तिच्यातलं थोरियम सगळा हिशोब बिघडवतं. आणि समजा जमलंच, तरी उत्तर "किमान इतकं जुनं" एवढंच मिळेल. चित्र त्याच्या आधी किती, ते नाही.

प्रश्न : वर्तुळं, सर्पिलं, वाटीसारखे खळगे सगळीकडे सारखेच दिसतात. मग एका ठिकाणची तारीख कळली की बाकीच्यांना लावता येत नाही का?

खूप वर्षं लोकांनी हेच केलं, आणि अगदी नाईलाज असेल तर आजही करतात. पण यात गोल गोल फिरायला होतं हो. अमुक नक्षी नवाश्मयुगातली, का, तर ती नवाश्मयुगातल्या थडग्यावर आहे. आणि ते दुसरं थडगं नवाश्मयुगातलं, का, तर त्यावर ती नक्षी आहे! दोन्ही एकमेकांच्या खांद्यावर उभे आणि खाली जमीनच नाही.

स्कॉटलंडमधली क्लावाची थडगी हे याचं मोठं उदाहरण. आत जाणारी वाट, गोल दालन, दगडांवर खळगे, म्हणजे दिसायला जुन्या नवाश्मयुगीन थडग्यांच्या घराण्यातली, म्हणून त्यांना त्याच काळात टाकलेलं. 1990 च्या दशकात रिचर्ड ब्रॅडली यांनी तिथे नीट खोदून तारखा काढल्या तर बांधकाम इ.स.पू. 2000 च्या आसपासचं निघालं, म्हणजे कांस्ययुगातलं. आणि खळगे असलेले काही दगड त्याहून जुने, दुसरीकडून उचलून आणून बसवलेले असावेत असं त्यांचं म्हणणं. म्हणजे नक्षी जुनी आणि थडगं नवं, बरोबर उलटं.

दोन वाचकांनी न्यूग्रेंजमधल्या त्या प्रसिद्ध तिहेरी सर्पिलाबद्दल विचारलंय की ते केल्टिक चिन्ह ना? नाही. दागिन्यांच्या दुकानांत ते त्याच नावाने विकतात म्हणून तसं वाटतं. थडगं बांधलं तेव्हापासून लोक ज्याला केल्टिक कला म्हणतात तिच्यापर्यंत दोन हजारांहून जास्त वर्षं जायची होती.

आकारावरून काळ काढणं एका बाबतीत मात्र खरंच उपयोगी पडतं, चित्र एखाद्या ओळखता येणाऱ्या वस्तूचं असेल तेव्हा. स्कॉटलंडच्या किलमार्टिन खोऱ्यात नेदर लार्गी नॉर्थ म्हणून दगडांचा ढिगारा आहे, त्याखालच्या मृताला ठेवायच्या दगडी पेटीच्या झाकणावर चपट्या कुऱ्हाडी कोरल्यात. तशा कुऱ्हाडी कांस्ययुगाच्या सुरुवातीच्या, धातूच्या, म्हणजे धातू यायच्या आधी कोणी त्या काढूच शकत नव्हतं. स्वीडनमधल्या किविकच्या थडग्यात घोडे जोडलेला रथ कोरलाय, तिथेही हाच तर्क. पण त्याच नेदर लार्गीच्या झाकणावर कुऱ्हाडींसोबत चाळीसेक खळगेही आहेत. ते कुऱ्हाडींच्याच वेळचे की जुन्या खळगे असलेल्या दगडाचं झाकण केलं? खळगा हा खळगा असतो, त्याला काळाचा चेहराच नसतो.

प्रश्न : न्यूग्रेंजमध्ये 21 डिसेंबरच्या सुमाराला सूर्यकिरण आत जातो. मग खगोलशास्त्रावरून नेमकं वर्ष काढता येईल ना?

किती छान प्रश्न आहे, आणि मलाही एकेकाळी असंच वाटायचं. पृथ्वीच्या आसाचा कल हळूहळू बदलतो, तेव्हा तो 24 अंशांच्या आसपास होता, आज साडेतेवीसपेक्षा किंचित कमी आहे. त्यामुळे आज किरण सूर्योदयानंतर साधारण 4 मिनिटांनी आत शिरतो, आणि गणित मागे नेलं तर 5 हजार वर्षांपूर्वी तो थेट सूर्योदयालाच शिरत असे. जुळतंय, छान वाटतं. पण हा बदल इतका संथ आहे आणि किरण यायची दारावरची फट इतकी रुंद आहे की त्यातून शतकसुद्धा पकडता येत नाही, वर्ष तर सोडाच. आणि पुन्हा तेच, यातून फार तर वाटेची दिशा कधी ठरवली ते कळेल, दगडावरच्या नक्षीबद्दल सूर्य काहीच सांगत नाही.

प्रश्न : दगड किती झिजलाय, किती काळवंडलाय त्यावरून अंदाज नाही येत?

अंदाज येतो, पण त्यावर विसंबू नका. ढिगाऱ्याखाली दडलेली नक्षी काल कोरल्यासारखी ताजी दिसते आणि त्याच वयाची, पावसात उभी असलेली नक्षी बोटांनी चाचपावी लागते. झीज वर्षं मोजत नाही, ती पाऊस, थंडी, शेवाळ आणि दगडाची जात मोजते.

याबाबतीत पोर्तुगालमधल्या कोआ खोऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी, ती थडग्यांची नाही, उघड्यावरच्या कोरीव जनावरांची आहे, पण शिकवण तीच. तिथे धरण होणार होतं, चित्रं पाण्याखाली जाणार होती, आणि 1995 मध्ये काही तज्ज्ञांनी दगडाच्या पृष्ठभागाची तपासणी करून सांगितलं की ही फार जुनी नाहीत, फार तर काही हजार वर्षांची. दुसरे म्हणत होते की शैली पुराश्मयुगातली आहे. जोरात वाद झाला. धरण थांबलं, 1998 मध्ये ती जागा जागतिक वारशात गेली. आणि मग 1999 मध्ये फारिझेउ नावाच्या जागी कोरलेला एक दगड असा सापडला की त्याचा काही भाग पुराश्मयुगातल्या वस्तीच्या थरांखाली गाडलेला होता. थर चित्राच्या वर, थरांचं वय माहीत, म्हणजे चित्र त्याहून जुनं. इतक्या भांडणानंतर निकाल दिला तो मातीने.

प्रश्न : लेसर स्कॅन आणि थ्रीडी वगैरे आल्यावर आता वय कळेल का?

वय नाही, क्रम कळेल. आणि क्रम ही काही छोटी गोष्ट नाही. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे कुठली कुठलीवरून गेलीय हे तिरप्या प्रकाशात आणि स्कॅनमध्ये दिसतं. नाउथच्या दगडांवर आधी बारीक कोन-चौकटींची नक्षी आणि मग तिच्यावरूनच बेदरकारपणे ठोकून काढलेले रुंद पट्टे असे थर दिसतात, जणू नंतरच्या लोकांना खालच्या नक्षीची पर्वाच नव्हती. यातून "हे आधी, ते नंतर" हे पक्कं होतं. पण मध्ये एक दुपार गेली की दोन पिढ्या, ते स्कॅन सांगत नाही.

प्रश्न : एवढ्या सगळ्या अडचणी आहेत तर मग तुम्हाला कुठल्या पुराव्यावर जास्त भरवसा वाटतो?

चित्र कशाच्या खाली आहे आणि कशाच्या वर आहे, यावर. फारिझेउसारखं. इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलँडला हंटरह्यू म्हणून जागा आहे, तिथे आधी खडकावर चित्रं कोरलेली, मग कोणीतरी त्याच खडकाचा भाग फोडून नेला, मग नव्याने उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर परत चित्रं, आणि या सगळ्यावर कांस्ययुगातल्या थडग्याचा दगडी ढिगारा. बघा, एकही तारीख न काढता किती मोठी गोष्ट कळली, की कोरणं दोनदा झालं, मधे खडक फोडण्याइतका काळ गेला, आणि दोन्ही वेळा थडग्याच्या आधी. नुसत्या लॅबच्या आकड्यापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं. दुसरी आशेची जागा म्हणजे दगडाच्या पायथ्याशी हळूच खोदणं. कोरताना तुटलेले गारगोटीचे तुकडे, दगडाचा चुरा तिथे पडलेला असेल आणि त्याच थरात एखादं हेझलनटचं टरफल मिळालं, तर त्याहून जवळ आपण जाऊ शकत नाही. पण जुन्या काळी घाईने खणलेल्या थडग्यांत हा थर फावड्याबरोबर कधीच निघून गेलाय, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

एक ताजं उदाहरण देते. किलमार्टिनमध्येच डनक्रेगेग नावाचं थडगं आहे, लोक शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे जातायत. 2021 मध्ये जाहीर झालं की आतल्या पेटीच्या झाकणाच्या खालच्या बाजूला हरणं कोरलेली सापडली, फांद्यांच्या शिंगांची, अगदी ओळखू येणारी. स्कॉटलंडमध्ये तोवर त्या काळातली बहुतेक नक्षी म्हणजे खळगे आणि वर्तुळं, म्हणून केवढा आनंद झाला सगळ्यांना. आणि वय काय दिलं? 4 ते 5 हजार वर्षं. एक हजार वर्षांची फट! काही वाचकांना हे कमीपणाचं वाटतं, मला तो प्रामाणिकपणा वाटतो. झाकण पेटीवर ठेवण्याआधी कोरलं असणार, कारण नंतर हात जाणार नाही, पण ते झाकण आधी कुठे होतं हे कोणालाच माहीत नाही, मग याहून नेमकं बोलणार कसं?

मागे एकदा एका ठिकाणच्या फलकावर थडग्याचं वर्ष आणि खाली लगेच "यावरील चित्रेही याच काळातील" असं लिहिलेलं बघितलं होतं आणि मी तिथे बराच वेळ उभी राहिले. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, लोकांना एकच आकडा लागतो. मला नाही वाटत तसं. या महिन्याची पत्रंच बघा ना.

प्रश्न : आम्ही पुढच्या वर्षी अशी थडगी बघायला जाणार आहोत. फोटोत नक्षी नीट यावी म्हणून खडूने रेघा भरल्या तर चालेल का? पाण्याने निघून जातो ना.

कृपा करून नको. जुन्या पुस्तकांतले फोटो बघून ही कल्पना येते, तेव्हा अभ्यासकही भरायचे, पण खडू म्हणजे परत कॅल्शियमचा चुरा, तो दगडाच्या बारीक छिद्रांत बसतो, घासून काढताना पृष्ठभागही थोडा जातो, आणि उद्या कोणी तिथून एखादा कण तपासायला घेतला तर त्यात तुमचा खडू निघेल. शिवाय खडू भरताना आपण आपल्याला दिसेल ती रेघ भरतो, खरी नाही, आणि पुढचा माणूस तुमचीच रेघ खरी धरून चालतो. कागद ठेवून पेन्सिल घासणंही नको. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना जा, उजेड तिरपा असतो, किंवा परवानगी असेल तिथे टॉर्च दगडाच्या अगदी बाजूने धरा आणि हळूहळू फिरवा. जिथे दुपारी सपाट दगड दिसतो तिथे अचानक वर्तुळं वर येतात. न्यूग्रेंजच्या आत फोटो काढू देत नाहीत, तिथे नुसते डोळे भरून बघा. बाहेर दारासमोरचा आडवा दगड मात्र नीट बघता येतो, आणि वळसा घालून मागच्या बाजूचा, कडेच्या दगडांतला 52 नंबरचा दगड बघायला विसरू नका, बरेच लोक तिथपर्यंत जातच नाहीत.